बाकोला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्याची राजधानी कुचिंग. तिथून साधारण ३७ किलोमीटरवर, नदीच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या एका द्वीपकल्पावर बाको राष्ट्रीय उद्यान आहे. १९५७ साली ते जाहीर झालं आणि सारावाकमधलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान म्हणून आजही त्याची ओळख आहे. क्षेत्रफळ जेमतेम २७ चौरस किलोमीटर. पण एवढ्याशा जागेत खारफुटी, पुळणीवरची झाडी, कड्यांवरची झुडपं, उंच वृक्षांचं सदाहरित जंगल, दलदलीचं जंगल, पठारावरचं खुरटं रान आणि गवताळ माळ अशा सात तऱ्हा सापडतात. उद्यानापर्यंत गाडीरस्ता जात नाही. जायचं ते होडीने.

पहिल्यांदा येणारे बहुतेक जण एकच चूक करतात, आणि मीही ती केली. जंगल किलोमीटरमध्ये मोजतात. नकाशावर पायवाटा दिसल्या की जास्तीत जास्त पायवाटा, म्हणजे जास्तीत जास्त प्राणी, असा हिशेब मनात तयार होतो. भर दुपारी साडेतीन-चार तास घाम गाळत मी लिंतांग नावाच्या पायवाटेची पूर्ण फेरी मारली आणि दोन खारी व असंख्य मुंग्या बघून परत आलो. उपाहारगृहामागच्या एका झाडापाशी चार-पाच माणसं मान वर करून उभी होती. खोडाला चिकटून कोलुगो, म्हणजे झाडाझाडांवरून तरंगत जाणारा एक केसाळ प्राणी, झोपला होता. सकाळी त्याच झाडाखालून मी दोनदा गेलो होतो.

म्हणून नवख्याला माझं सांगणं असं, की इथे अंतर कमी करा आणि वेळ सांभाळा. वेळ म्हणजे मनगटावरची नव्हे, समुद्राची. होडी कधी लागणार, चिखल कधी उघडा पडणार, माकडं कुठे उतरणार, परत कधी निघता येणार, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. तेव्हा सुरुवात तिथूनच.

तारीख ठरवणं

आधी महिना. कुचिंग परिसरात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे कोरडा ऋतू असा नाहीच. मात्र साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वारे जोरात असतात, समुद्र खवळलेला असतो आणि होड्या उशिरा निघतात किंवा निघतच नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ त्या मानाने सोपा. तेव्हाही दुपारी सर येतेच, पण येते आणि जाते.

मग दिवस. महिना ठरला की कुचिंगच्या बाजूचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर उघडा. या किनाऱ्यावर पाणी काही मीटरने चढतं-उतरतं, आणि ओहोटी पुरी असली की नदीच्या मुखाशी आणि उद्यानाच्या पुळणीसमोर होडीला पुरेसं पाणीच उरत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक सर्वांत मोठा, अष्टमीच्या आसपास भांगाला सर्वांत कमी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एवढं गणित पुरतं.

मुक्काम करणार असाल तर पहिल्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास भरती असेल अशी तारीख निवडा. होडी थेट धक्क्याला लागते. चार-पाच वाजता ओहोटी येते, म्हणजे प्राण्यांच्या उत्तम वेळेला खारफुटीतला चिखल उघडा असतो. दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला पुन्हा पाणी भरतं आणि आरामात परत निघता येतं. तारीख अशी जुळली नाही तर आभाळ कोसळत नाही. फक्त गुडघाभर पाण्यात उतरून, चपला हातात धरून किनारा गाठावा लागतो. पाठीवरची पिशवी जलरोधक असलेली बरी.

एका दिवसात जाऊन येता येतं का? येतं, रोज शेकडो लोक तसं करतात. पण सकाळी नऊ-दहाला पोचून तीन-चारला परत निघणं म्हणजे प्राणी विश्रांती घेतात नेमक्या त्या वेळेत जंगलात असणं. नाटक बघायला जाऊन मध्यंतरात बसून येण्यासारखं आहे हे. एक रात्र राहाच. सोयी साध्या आहेत: वसतिगृहाच्या खोल्या, काही लॉज, पंखे, सामायिक न्हाणीघरं. आरक्षण सारावाक सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेतून आधी करावं लागतं. शनिवार-रविवार आणि मलेशियातल्या शाळांच्या सुट्ट्या लवकर भरतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी खोली मिळते का ते बघा.

आणखी एक. क्वालालंपूरहून कुचिंगला जाणं हा देशांतर्गत प्रवास असला तरी पासपोर्ट जवळच ठेवा. सारावाकचं स्वतःचं इमिग्रेशन नियंत्रण आहे आणि मलेशियाच्याच दुसऱ्या भागातून आलेल्यालाही तिथे तपासणीतून जावं लागतं. चेक-इन सामानात पासपोर्ट टाकणारे महाभाग असतात, म्हणून सांगितलं.

कुचिंगहून पुळणीपर्यंत

कुचिंगहून बाको गावच्या होडी-धक्क्यापर्यंत लाल रंगाची एक नंबरची बस जाते, किंवा ॲपवरून टॅक्सी मागवता येते. पाऊण ते एक तास. भल्या सकाळची बस पकडा. धक्क्यावरच उद्यानाचं प्रवेशशुल्क भरायचं (परदेशी प्रौढांसाठी ते मलेशियाच्या चलनात बरीच वर्षं २० रिंगिट होतं, निघण्याआधी चालू दर बघून घ्या) आणि तिथेच होडी ठरवायची. होडीत साधारण पाच जण मावतात. एकटे-दुकटे असाल तर धक्क्यावर उभ्या असलेल्या इतरांशी बोला आणि होडी भरा. लाजू नका, तेही हाच विचार करत उभे असतात. रोख रिंगिट बरोबर असू द्यात, पलीकडे एटीएम नाही.

होडीत बसण्याआधी परतीची वेळ नावाड्याशी पक्की करा, होडीचा क्रमांक आणि त्याचा फोन नंबर लिहून घ्या. तो सांगेल ती वेळ ऐका. तुम्हाला चार वाजता निघायचं असेल, तो तीन म्हणत असेल, तर तो हट्टीपणा नव्हे. त्याला पाणी कळतं.

प्रवास वीस-तीस मिनिटांचा. नदीच्या पात्रात 'आवास, बुआया' अशी पाटी दिसेल. आवास म्हणजे सावधान, बुआया म्हणजे मगर. या नद्यांत आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखरच आहेत, तेव्हा होडीतून हात पाण्यात सोडून बसण्याची हौस आवरा. मुख ओलांडलं की डावीकडे लांबवर सांतुबोंगचा डोंगर दिसतो, ८१० मीटर उंच. १८५५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस तिथेच पायथ्याशी पावसात अडकून बसला होता आणि त्या मुक्कामात त्याने नव्या प्रजाती जुन्या, जवळच्या प्रजातींच्याच शेजारी का उगवतात यावरचा निबंध लिहिला. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. होडीतल्या बाकीच्यांना सांगायला ही गोष्ट बरी पडते.

पहिला तास आवारातच

होडी लागते ती तेलोक आसामच्या पुळणीवर. तेलोक म्हणजे छोटा उपसागर, तान्जुंग म्हणजे भूशिर, बसार म्हणजे मोठा, कचिल म्हणजे लहान. एवढे चार शब्द आले की नकाशा अर्धा वाचता येतो. मुख्यालयात नोंद करा, खोलीची किल्ली घ्या, कोणत्या पायवाटा उघड्या आहेत ते विचारा. पावसाने पूल वाहून गेले किंवा झाड पडलं की वाटा बंद ठेवतात.

मग सामान ठेवा आणि कुठेही जाऊ नका.

मुख्यालयाचं आवार हीच उद्यानातली सर्वांत श्रीमंत जागा आहे, हे पहिल्या भेटीत पटत नाही. कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारा, 'आज साप कुठल्या झाडावर आहे?' बोर्निओचा हिरवा घोणस कुळातला साप, आपल्या चापड्याचा लांबचा भाऊ म्हणा, एकाच फांदीवर दिवसचे दिवस हलत नाही. मादी जाडजूड, अंगावर पट्टे. नर बारीक, काडीसारखा. तो नेमका डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि तरी दिसत नाही. विषारी आहे. हात लांब ठेवलात तर त्याला तुमच्यात काडीचा रस नाही, पण वाकून फोटो काढताना मागच्या फांदीवर दुसरा नाही ना एवढं बघा. कठड्यांना आणि फांद्यांना न बघता हात न लावणं, ही सवय इथूनच लावून घ्यायची.

कोलुगो शोधायचा तर फांद्या सोडून खोडं बघा. त्याला इंग्रजीत उडता लेमूर म्हणतात, पण तो लेमूरही नाही आणि उडतही नाही. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणलेल्या कातडीच्या पडद्यावर तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो, शंभर मीटरहूनही लांब. दिवसा खोडाला चिकटून झोपतो. रंग दगडफुलाने माखलेल्या सालीसारखा. खोडावर जरा जास्तच फुगीर, केसाळ गाठ दिसली तर दुर्बिणीने बघा. कधी पोटाशी पिल्लू असतं आणि तेवढ्याच जागेतून दोन डोळे चमकतात. जिवंत प्राण्यांमध्ये माकडांचे आणि आपले सर्वांत जवळचे नातेवाईक जे काही आहेत, त्यांत या विचित्र प्राण्याचा नंबर वरचा लागतो.

दाढीवाली रानडुकरंही याच आवारात हिंडायची सवय असलेली. लांबट तोंड, त्यावर राठ केसांची दाढी, एखाद्या निवृत्त हेडमास्तरांसारखा चेहरा. २०२१ पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या साथीने बोर्निओभर त्यांची संख्या फार घटली. म्हणून दिसलीच पाहिजेत असं धरून जाऊ नका. दिसली तर वाट सोडा, विशेषतः पिल्लं बरोबर असताना.

नाकाड्या बघण्याची वेळ

आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक येतात तो: प्रोबोसिस माकड. मी त्याला नाकाड्या म्हणतो. हा फक्त बोर्निओत सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि धोक्यात आलेल्या प्रजातींत त्याची गणना होते. नराचं नाक वांग्यासारखं ओठांवर लोंबतं, पोट सुटलेलं, पाय राखाडी, शेपटी पांढरी, पाठ विटकरी. नर वीस किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्या निम्मी. मलय भाषेत याचं एक जुनं नाव 'डच माणूस' अशा अर्थाचं आहे. वसाहतीच्या काळात आलेल्या गोऱ्या साहेबांकडे बघून लोकांनी ते ठेवलं. यावर अधिक काय बोलावं.

पोटाचं कारण मजेदार आहे. नाकाड्या प्रामुख्याने पानं, बिया आणि कच्ची फळं खातो. गाईसारखे कप्पे असलेल्या त्याच्या जठरात जिवाणू ही पानं आंबवतात, आणि तो कधीकधी चक्क रवंथही करतो. पिकलेलं गोड फळ त्याला सोसत नाही. ते पोटात भराभर आंबतं आणि वायू धरतो. त्यामुळे केळं दाखवून याला बोलावण्याचा बेत आखणाऱ्यांनी तो सोडावा. केळं दुसरंच माकड घेऊन जातं, त्याच्याकडे पुढे येऊच.

नाकाड्या झोपायला पाण्याच्या काठावरची झाडं पसंत करतो. म्हणून वेळ दोन: पहाटे उजाडल्यापासून साधारण आठपर्यंत, आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. हे ठिकाण विषुववृत्ताला चिकटून असल्याने वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला मावळतो, त्यामुळे वेळ पाठ करायला सोपी. जागा तीन. पहिली, धक्क्याजवळच्या खारफुटीतला लाकडी पूल. दुसरी, तेलोक दलिमाची सुमारे एक किलोमीटरची पायवाट. तिसरी, तेलोक पाकूची, त्याहून थोडी छोटी. दलिमा हा शब्द ओळखीचा वाटला का? तो आपला डाळिंबच. संस्कृतातल्या दाडिमाने इकडे डाळिंबाचं रूप घेतलं, तिकडे दलिमाचं.

ओहोटी दुपारी असेल तर साडेतीनला पुलावर जाऊन उभे राहा. उभं राहणं म्हणजे खरंच उभं राहणं, अर्धा तास, न बोलता. सुरुवातीला काही नसतं. मग खाली चिखलाकडे लक्ष जातं. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे, एकमेकांशी हद्दीवरून भांडत असतात. एकच नांगी अवाढव्य असलेले खेकडे ती नांगी वरखाली हलवत माद्यांना बोलावत असतात. शेपटाळ मकाक माकडं खेकडे उचकटायला चिखलात उतरतात. आणि मग डोक्यावर कुठेतरी फांदी मोडल्यासारखा आवाज होतो.

नाकाड्या दिसतो त्याआधी असा ऐकू येतो. अंग जड, उड्या लांब, त्यामुळे पानांत मोठी खळबळ होते. मागोमाग नाकातून काढलेला, भोंग्यासारखा घुमणारा आवाज, तो नराचा. आवाज आला की त्या दिशेने धावू नका. पायवाटेवर धावणाऱ्या माणसाचा आवाज त्यालाही येतो. जागेवर थांबा, कोणती फांदी वाऱ्याशिवाय हलते ते बघा, आणि सरळ खाली लोंबणारी पांढरी शेपटी शोधा. चेहऱ्याआधी शेपटी सापडते. एक नर, काही माद्या आणि पिल्लं असा कळप असतो. नुसत्या नरांची टोळीही दिसते, त्यांची नाकं अजून पुरती लोंबलेली नसतात.

याच झाडीत चंदेरी लंगूर भेटतात. मोठे राखाडी-काळे, टोकांना चांदीची झाक असलेले. पिल्लू मात्र भडक नारिंगी. हिरव्या पानांत नारिंगी ठिपका दिसला तर ते फळ नसून बाळ असण्याची शक्यता बरीच.

दुर्बीण हवीच. आठपट मोठं दाखवणारी पुरते. त्याहून मोठी हातात थरथरते आणि जंगलातल्या अंधुक उजेडात काही दिसत नाही. फोनने काढलेले माकडांचे फोटो घरी गेल्यावर नुसते पानांचे फोटो ठरतात. दोन-चार काढा आणि फोन खिशात ठेवून बघत बसा.

चोर

शेपटाळ मकाक हा आवारातला दादा. त्याला माणसांची पिशवी, पिशवीची चेन आणि चेन उघडणारं माणूस किती बेसावध आहे, हे सगळं कळतं. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे त्याच्या दृष्टीने जेवणाची घंटा. खाणं उघड्यावर नेऊ नका, खोलीची दारं-खिडक्या लावा, ओले कपडे बाहेर वाळत टाकू नका. माझा चष्म्याचा डबा एका मकाकाने नेला, उघडून पाहिला, चावून पाहिला आणि फेकून दिला. चष्मा नाकावर होता म्हणून वाचला.

त्याच्याशी ओढाताण करू नका, दात दाखवून हसू नका (त्याच्या भाषेत ती धमकी आहे), डोळ्यांत डोळे घालून बघू नका. आणि खायला तर मुळीच देऊ नका. तुम्ही एकदा दिलेल्या बिस्किटाची किंमत पुढच्या शंभर लोकांना मोजावी लागते. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कुचिंगमध्ये डॉक्टर गाठा. सारावाकमध्ये २०१७ पासून रेबीजची साथ आहे. ती मुख्यतः कुत्र्यांमधून पसरते, पण चावा कोणाचाही असो, लस टाळू नये.

डासांचंही तसंच. पहाटे आणि तिन्हीसांजेला लांब बाह्या, लांब पँट आणि डास पळवणारं मलम. बोर्निओत माकडांमधला मलेरिया डासांमार्फत माणसांना होतो. परतल्यावर काही दिवसांत ताप आला तर 'बोर्निओच्या जंगलात गेलो होतो' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. पुळणीवर बारीक माश्या चावतात, त्या डोळ्यांना दिसतही नाहीत, खाज मात्र आठवडाभर.

पोहण्याचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर मुख्यालयातल्या फलकावर असतं. मगर दिसल्याची नोंद असली की पाण्यात उतरू देत नाहीत. नोंद नसली तरी खारफुटीजवळ आणि गढूळ पाण्यात उतरू नये. मी पाय भिजवण्यापलीकडे गेलो नाही.

पठारावर, घटपर्णींकडे

माकडांच्या दोन वेळा सांभाळून मधे सकाळचे काही तास उरतात. ते लिंतांगच्या पायवाटेला द्या. ५.८ किलोमीटरची फेरी, लागतात तीन-चार तास. आधीच सांगितलंय, भर दुपारी जाऊ नका. आठ वाजले की निघा. मुख्यालयात वहीत नाव, वाट आणि निघण्याची वेळ लिहा, परत आल्यावर आल्याची नोंद करा. ही औपचारिकता नाही. संध्याकाळी वहीत नाव उघडं राहिलं तर माणसं शोधायला निघतात.

झाडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, प्रत्येक वाटेचा रंग वेगळा. दहा मिनिटांत पट्टा दिसला नाही तर मागे फिरा. सुरुवातीची चढण मुळांवरून आहे, म्हणजे अक्षरशः झाडांच्या मुळांच्या पायऱ्या. पाऊस पडून गेला की त्या साबणासारख्या. इथले लोक काळे, खाली गुट्ट्या असलेले रबरी बूट घालतात, त्यांना गमतीने 'आदिदास कम्पुंग' म्हणतात, खेड्यातले आदिदास. कुचिंगच्या बाजारात स्वस्तात मिळतात, भिजून लगेच वाळतात आणि महागड्या ट्रेकिंग बुटांपेक्षा या मुळांवर जास्त धरतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत पिण्यासारखं काही नाही.

चढण संपली की जंगल अचानक संपतं. समोर पांढरी वाळू, सपाट वालुकाश्म, कमरेएवढी झाडं आणि डोक्यावर सूर्य. या रानाला करांगास म्हणतात. सारावाकमधल्या इबान लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ 'जिथे भात पिकत नाही अशी जमीन'. रेताड आणि आम्लधर्मी माती, पावसाने सगळं पोषण धुऊन नेलेलं. मग झाडांनी जगायच्या युक्त्या काढल्या, आणि त्याच बघायला इथे यायचं.

घटपर्णी, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणारी झाडं, शोधताना लोक वर बघतात. आधी पायाशी बघा. जमिनीवर शेवाळात पुंजक्याने बसलेले, सुगडांसारखे गोल घट दिसले तर ती नेपेंथिस अँप्युलारिया. घटाचं झाकण मागे वळलेलं, कारण तिला किड्यांपेक्षा वरून पडणारा पालापाचोळा हवा असतो. मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या घराण्यातली ही जवळजवळ शाकाहारी. झुडपांवर चढलेले बारीक, नाजूक घट ग्रासिलिसचे. मोठे, लालसर ठिपक्यांचे राफ्लेसियानाचे. आणि तोंडाखाली पांढऱ्या लवीचं कडं असलेला घट दिसला तर थांबा, तो अल्बोमार्जिनाटाचा. ती लव वाळवीला आवडते. वाळवीची रांग ती खायला येते, गर्दीत ढकलाढकली होते आणि शेकड्यांनी आत पडतात. एका रात्रीत घट भरतो. कडं खाऊन संपलेला घट दिसला, तर आत काय आहे ते समजून घ्या.

घटात बोट घालू नका, काडीही नको. तो रिकामा केलात तर झाडाची कित्येक दिवसांची कमाई सांडते.

इथेच फांद्यांवर बटाट्यासारखे फुगलेले गोळे दिसतील. त्या मुंग्यांच्या वसाहती पोसणाऱ्या वनस्पती. गोळ्याच्या आत पोकळ्या, पोकळ्यांत मुंग्या. मुंग्यांना घर, झाडाला त्यांच्या टाकाऊतून खत. ओलसर जागी जमिनीलगत लाल ठिपक्यांसारखं दवबिंदू हे चिकट थेंबांनी किडे पकडणारं झाडही असतं. त्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागतं.

पूर्ण फेरी नको असेल तर पठारापर्यंत येऊन त्याच वाटेने परत फिरा, काही बिघडत नाही. किंवा तेलोक पांदान कचिलकडे वळा. मुख्यालयापासून अडीच किलोमीटरच्या आसपास. शेवटी कड्यावरून दिसणारी पुळण बघून चालण्याचे श्रम फिटतात. पांदान म्हणजे केवड्याच्या कुळातलं झाड. त्या बाजूच्या समुद्रात वालुकाश्माचे लाटांनी कोरलेले सुळके उभे आहेत, ते होडीतूनच नीट दिसतात. नावाड्याशी आधी बोललात तर परत यायला होडीही मिळते. तेलोक लिमाऊसारख्या लांबच्या वाटा पहिल्या भेटीत नकोत.

रात्र

संध्याकाळी पुळणीवर या. सांतुबोंगच्या मागे सूर्य जातो. मग उपाहारगृहात भात आणि जे असेल ते. शाकाहारी असाल तर भाजी, अंडं आणि भात यावर एक दिवस भागतं. यातलंही काही चालत नसेल तर थोडा सुका खाऊ बंद डब्यात आणा. डबा कशासाठी, ते वर वाचलंच आहे.

आठच्या सुमारास वनरक्षक रात्रीच्या फेरीला नेतात. नाव दुपारीच नोंदवा, जागा मर्यादित असतात. कपाळावर बांधायचा दिवा आणा. जमिनीवर हिऱ्यासारखे चमकणारे हिरवे ठिपके म्हणजे कोळ्यांचे डोळे. एकदा लक्षात आलं की ते इतके दिसतात की थोडं घाबरायला होतं. फांदीच्या टोकावर पिसांचा गोळा होऊन झोपलेले पक्षी, काठीकिडे, बेडूक दिसतात. कधी नशिबाने कोलुगो खोड सोडून हवेत झेप घेताना सापडतो. झोपलेल्या पक्ष्यावर झोत रोखून धरू नका. तो उडाला तर अंधारात कुठे बसेल ते त्यालाही माहीत नसतं.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवलेली बरी. बाकोत ओरांगउटान नाहीत. ते बघायचे असतील तर कुचिंगच्या दुसऱ्या बाजूला सेमेंगोह वन्यजीव केंद्र आहे. तिथे सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळी फळं ठेवतात, आणि जंगलात मोकळे हिंडणारे ओरांगउटान मनात आलं तर येतात. रानात फळांचा हंगाम जोरात असला की येत नाहीत. बाकोहून आल्यावर दुसऱ्या दिवशीचा अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

परतीची सकाळ

लवकर उठा, पुन्हा दलिमाच्या वाटेवर जा, आठपर्यंत थांबा. मग नाश्ता, खोलीची किल्ली परत, वहीतलं नाव बंद. ठरलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटं पुळणीवर हजर राहा, पायांत चपला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाणी कितीही भरलेलं दिसलं तरी ती दुमडूनच ठेवा.